‘खातोय ना?’ : वृद्ध, आजारी कुत्र्याच्या वेदना आणि आहार

म्हातारं कुत्रं घेऊन पशुवैद्याकडे गेलं की पहिला प्रश्न ठरलेला. ‘खातोय ना?’ आपलं उत्तरही ठरलेलं. ‘हो, खातो तसा.’ एवढ्या दोन वाक्यांत निम्मी तपासणी उरकल्यासारखं दोन्ही बाजूंना वाटतं. आमचा बंड्या चौदा वर्षांचा झाला तेव्हा ताटली चाटूनपुसून लख्ख करायचा आणि रात्री दोन वाजता पॅसेजमध्ये धापा टाकत उभा असायचा. गुळगुळीत फरशीवर खाली बसायला गेला की मागचे पाय फाकायचे, म्हणून तो बसायचंच टाळायचा. घरात आम्ही त्याला ‘म्हातारचळ’ असं नाव देऊन मोकळे झालो होतो. कंबरेचं दुखणं आहे हे कळेपर्यंत चार महिने गेले, आणि त्या चार महिन्यांत त्याने एकदाही जेवण टाकलं नव्हतं.

उलटही घडतं. मूत्रपिंडाच्या आजारात मळमळीने जेवण सुटतं आणि आपण कुठेतरी दुखत असेल म्हणून गोळी देतो. गोळीने पोट बिघडतं आणि आपण म्हणतो, आजार वाढला. कर्करोग असो, हृदयविकार असो की झिजलेले सांधे, गंभीर आजारी वृद्ध कुत्र्याच्या बाबतीत वेदना आणि आहार हे दोन प्रश्न असे एकमेकांत गुंतलेले असतात. तरीही अभ्यासात आणि दवाखान्यात ते बराच काळ वेगवेगळ्या खणांत ठेवले गेले. आज दोन्हींबाबत कुठवर एकमत आहे आणि कुठे नाही, ते पाहू.

दुखतं, हे मान्य होईपर्यंत

सतराव्या शतकात देकार्तने प्राण्यांना यंत्रांच्या रांगेत बसवलं, तिथून ही गोष्ट सुरू करायची पद्धत आहे. आपल्याकडचा एकही गुराखी देकार्तशी सहमत झाला नसता, पण ते असो. खरा अडसर विसाव्या शतकातल्या प्रयोगशाळेत आणि वर्गात होता. प्राण्याचा अनुभव मोजता येत नाही, तेव्हा त्याबद्दल बोलूच नये, ही शिस्त शास्त्रीय मानली जाई. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातले तत्त्वज्ञ बर्नार्ड रॉलिन यांनी ‘द अनहीडेड क्राय’ या १९८९ सालच्या पुस्तकात या मनोवृत्तीची चिरफाड केली. शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक न देण्यामागे एक व्यवहारी युक्तिवादही असे. थोडं दुखलं तर जनावर गप्प पडून राहील, टाके तुटणार नाहीत!

माणसांच्या वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली वेदनेची व्याख्या केली आणि २०२० मध्ये ती सुधारली. नव्या व्याख्येच्या टिपांत स्पष्ट म्हटलं आहे, की बोलून सांगता येत नाही म्हणून वेदना नाही असं होत नाही, आणि त्यात माणसाखेरीज इतर प्राणीही धरले आहेत. दरम्यान वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटरनरी असोसिएशनने २०११ मध्ये आहाराची आणि २०१४ मध्ये वेदनेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. वेदनेची २०२२ मध्ये पुन्हा तपासून घेतली. तापमान, नाडी आणि श्वास हे तपासणीचे तीन जुने खांब. वेदना चौथा आणि आहार पाचवा, असं आता शिकवलं जातं. कागदावर तरी दोघे शेजारी आले.

मोजायचं कसं आणि कोणी

ताज्या वेदनेसाठी, म्हणजे अपघात किंवा शस्त्रक्रियेनंतर, ग्लासगो विद्यापीठात तयार झालेली मोजपट्टी बऱ्यापैकी सर्वमान्य आहे. कुत्रं कण्हतंय का, जखम चाटतंय का, उठताना कसं उठतं, हात लावला तर काय करतं, अशा प्रश्नांना गुण द्यायचे. २४ पैकी ६ किंवा अधिक आले की औषधाचा विचार करायचा.

जुनाट दुखण्याचं तसं नाही. ते दवाखान्याच्या टेबलावर दिसतच नाही. तिथे कुत्रं घाबरलेलं असतं, अंग ताठ असतं, लंगडणारंही दहा पावलं नीट चालून दाखवतं. म्हणून हेलसिंकी, पेनसिल्व्हेनिया आणि लिव्हरपूल इथल्या संशोधकांनी पाळणाऱ्यांनाच विचारण्याच्या प्रश्नावल्या तयार केल्या. जिना चढायला कुरकुर करतो का? झोपेतून उठल्यावर पहिली चार पावलं कशी पडतात? आपणहून खेळायला येतो का? हा पक्ष म्हणतो, की चोवीस तास बरोबर राहणाऱ्या माणसाइतकं कोणाला दिसतं?

दुसऱ्या पक्षाकडे एक अडचणीचा पुरावा आहे. सांधेदुखीच्या एका औषध-चाचणीत ज्या कुत्र्यांना नुसतीच खोटी गोळी दिली होती, त्यांच्या नोंदी २०१२ साली वेगळ्या काढून तपासल्या गेल्या. पायाचा जमिनीवरचा दाब यंत्राने मोजला तेव्हा फरक नव्हता. पाळणाऱ्यांना मात्र निम्म्याहून अधिक वेळा कुत्रं सुधारल्याचं वाटलं होतं. पशुवैद्यांचीही फसगत फार कमी नव्हती. औषध न घेणाऱ्या कुत्र्याच्या औषधाचा गुण माणसांना आला होता! म्हणून हा पक्ष दाब मोजणाऱ्या पट्ट्या आणि गळ्यातले हालचाल-मापक यांच्यावर भर देतो. त्यांनाही मर्यादा आहेत. रात्रभर अस्वस्थ फेऱ्या मारणारं कुत्रं हालचाल-मापकाला भलतंच उत्साही दिसतं. त्या फेऱ्या दुखण्याच्या की मेंदूच्या वार्धक्याच्या, हेही तो सांगू शकत नाही, आणि म्हाताऱ्या कुत्र्यात दोन्ही एकदम असू शकतात.

माझं मत विचाराल तर सगळ्यांत स्वस्त मापक मोबाइलचा कॅमेरा आहे. दर पंधरा दिवसांनी त्याच जिन्यावर, त्याच वेळी काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ आपल्या आठवणीपेक्षा प्रामाणिक असतो.

गोळ्यांचा हिशेब

औषधांपैकी ज्यांच्याबद्दल सर्वांत कमी वाद आहे ती म्हणजे सूज उतरवणारी, स्टेरॉइड नसलेली वेदनाशामकं : कार्प्रोफेन, मेलॉक्सिकॅम, फायरोकॉक्सिब. सांध्यांच्या दुखण्यावर ती काम करतात याचा पुरावा भक्कम आहे. धोका पोटाला आणि मूत्रपिंडाला. म्हणून आधी रक्ततपासणी, मग मधूनमधून पुन्हा. कुत्र्याने जेवण सोडलं, उलट्या लागल्या किंवा शी काळी झाली, की गोळी बंद करून फोन करायचा. स्टेरॉइडबरोबर ही औषधं द्यायची नाहीत, हा नियम तर दवाखान्याच्या भिंतीवर लिहून लावावा असा.

गोंधळ होतो तो घरातल्या डब्यामुळे. मेलॉक्सिकॅम माणसांसाठीही मिळतं, ७.५ आणि १५ मिलिग्रॅमच्या गोळीत. कुत्र्याचा रूढ डोस पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ आणि नंतर रोज ०.१ मिलिग्रॅम. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला रोज १ मिलिग्रॅम. आजोबांच्या डब्यातली लहानातली लहान गोळी त्याला आठवडाभर पुरेल. ती एका वेळी कणकेत घालून दिली की काय होईल, हे वेगळं सांगायला नको. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक तर कुत्र्याला द्यायचंच नाही. पॅरासिटामॉलबाबत मतभेद आहेत. काही पशुवैद्य कुत्र्यांना ते मोजूनमापून देतात, पण सुरक्षित आणि विषारी मात्रेतलं अंतर घरच्या अंदाजावर सोडण्याइतकं मोठं नाही. डायक्लोफिनॅकवरून आठवलं : गिधाडं मरत होती म्हणून २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी त्यावर बंदी आणली, आणि गुरांसाठी पर्याय म्हणून पुढे आलं ते हेच मेलॉक्सिकॅम. गोठा आणि दिवाणखाना एका औषधापाशी असे भेटले.

ट्रॅमाडॉलची कथा निराळी. माणसाच्या यकृतात त्याचं रूपांतर होऊन जो प्रभावी घटक बनतो, तो कुत्र्याच्या शरीरात फारच कमी बनतो. २०१८ साली सांधेदुखीच्या ४० कुत्र्यांवर झालेल्या चाचणीत ट्रॅमाडॉल आणि खोटी गोळी यांच्यात फरक दिसला नाही. कार्प्रोफेनने मात्र फरक पडला. तरीही ते लिहून दिलं जातं. बाजू मांडणारे म्हणतात, की ज्या कुत्र्याची मूत्रपिंडं पहिला गट सोसू शकत नाहीत त्याला काहीतरी द्यायला हवं, शिवाय काही कुत्र्यांना ते शांत करतं. टीकाकार विचारतात, की शांत झालं म्हणजे दुखायचं थांबलं का? नेमकी हीच शंका गॅबापेंटिनबद्दल घेतली जाते. नसांच्या दुखण्यात ते उपयोगी असावं असं मानायला कारणं आहेत, पण कुत्र्यांतला पुरावा अजून तोकडा आहे. त्याच्या माणसांसाठीच्या काही पातळ औषधांत झायलिटॉल हा गोडवा असतो आणि तो कुत्र्याला विष आहे, एवढं मात्र निर्विवाद. अमँटाडिनच्या बाजूने २००८ ची एक चाचणी आहे : नुसत्या मेलॉक्सिकॅमला दाद न देणाऱ्या कुत्र्यांत दोन्ही मिळून गुण आला.

सध्याचा सर्वांत तापलेला वाद बेडिनव्हेटमॅब या महिन्यातून एकदा टोचायच्या प्रतिपिंडाचा. वेदनेचा निरोप वाहणाऱ्या एका प्रथिनाला ते अडवतं. युरोपात २०२० मध्ये आणि अमेरिकेत २०२३ मध्ये परवानगी मिळाली. यकृत-मूत्रपिंडावर भार नाही, गोळी गिळवायची कटकट नाही, त्यामुळे वृद्ध कुत्र्यांसाठी वरदान, असं अनेकांनी म्हटलं. २०२४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पशुवैद्यांना पत्र लिहून तोल जाणं, झटके, लघवीवरचा ताबा सुटणं अशा तक्रारींची नोंद आल्याचं कळवलं. एक बाजू म्हणते, लाखो म्हाताऱ्या कुत्र्यांना औषध दिल्यावर त्यांतल्या काहींना झटके येणारच, ते वयाचे आहेत. दुसरी म्हणते, चाचण्या लहान आणि थोड्या काळाच्या होत्या. आलेल्या तक्रारींपैकी कितींना औषध कारणीभूत आणि कितींना वय, हे तक्रारींच्या यादीवरून ठरत नाही. ते ठरायचं आहे.

औषधाबाहेरच्या उपायांवर फारसं कोणी भांडत नाही, बहुधा म्हणूनच त्यांच्याबद्दल बोललंही कमी जातं. बंड्याच्या खोलीपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आम्ही जुन्या योगा मॅटचे तुकडे अंथरले, नखं कापली, पंजांच्या गाद्यांमधले वाढलेले केस काढले. तिसऱ्या दिवशी तो बसला.

किती आणि काय

आहाराच्या बाबतीत एका प्रयोगाने सगळ्यांची मती बांधून ठेवली होती. ४८ लॅब्रेडॉर पिल्लांच्या जोड्या लावून त्यांतल्या एकाला आयुष्यभर दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिलं. २००२ मध्ये निष्कर्ष छापून आला : कमी खाणारे सरासरी १.८ वर्षं जास्त जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा झिजले. सडपातळ ठेवा, हा धडा निरोगी कुत्र्यापुरता आजही खरा आहे. गंभीर आजारात तो उलटा पडतो. हृदयविकारात किंवा कर्करोगात शरीर चरबीआधी स्नायू खाऊ लागतं. पोट गोल दिसतं, पण कपाळाच्या कडा, खांद्याची हाडं आणि मणके हाताला टोचू लागतात. उपाशी राहिल्याने येणारा हा बारीकपणा नव्हे, नुसतं जास्त वाढून तो भरून येत नाही. टफ्ट्स विद्यापीठातल्या आहारतज्ज्ञ लिसा फ्रीमन यांनी या स्नायूझिजीकडे लक्ष वेधलं आणि नऊ अंकी शरीरमापनाबरोबर स्नायूंचं वेगळं मापन करायची रीत रूढ झाली. वजनकाट्यावर आकडा तोच, पण आतला माल बदललेला, हे काटा सांगत नाही.

किती द्यायचं याचं गणित सोपं आहे. किलोतल्या वजनाला ३० ने गुणून ७० मिळवले की पडून राहणाऱ्या कुत्र्याच्या रोजच्या उष्मांकांचा अंदाज येतो. २५ किलोला ८२०. काटेकोर सूत्राने तोच आकडा ७८० च्या आसपास येतो. एका मध्यम पोळीत साधारण १०० उष्मांक धरा. ‘दोन घास दहीभात खाल्ला, पुष्कळ झालं’ हे समाधान किती पोकळ आहे ते लगेच कळतं.

काय द्यायचं, इथे मात्र फाटे फुटतात. मूत्रपिंडाच्या आजारात खास आहाराचा फायदा होतो याला २००२ सालच्या ३८ कुत्र्यांच्या चाचणीचा चांगला आधार आहे. तो खाणाऱ्यांना रक्तात विष साचण्याचे झटके कमी आणि उशिरा आले. पण त्या आहारात फॉस्फरस कमी होता, प्रथिनं कमी होती, माशाच्या तेलातली ओमेगा-३ मेदाम्लं जास्त होती. यश कोणाचं? बहुतेकांचं बोट फॉस्फरसकडे आहे. प्रथिनं कधी आणि किती कापायची यावर मतं वेगळी आहेत, आणि स्नायू झिजत असताना ती कापणं अनेकांच्या जिवावर येतं. केवळ वय झालं म्हणून प्रथिनं कमी करायची, हा जुना समज मात्र मागे पडला आहे. शाकाहारी घरांत तो अजून टिकून आहे, कारण तो सोयीचा आहे.

कर्करोगाच्या बाबतीत ‘गाठ साखरेवर जगते, म्हणून भात-पोळी बंद’ हा सल्ला झपाट्याने पसरला. लिम्फोमाच्या ३२ कुत्र्यांवर २००० साली ओमेगा-३ आणि अर्जिनिनचा एक आशादायक प्रयोग झाला होता, पण सगळ्या कर्करोगांना तो लावण्याइतका पुरावा पुढे उभा राहिलेला नाही. शिवाय मेदाने भरलेलं ताट स्वादुपिंडाला झेपेलच असं नाही. सांध्यांसाठीच्या पूरकांचा २०२२ मध्ये एकत्रित लेखाजोखा घेतला गेला. ओमेगा-३ ला वेदना कमी करण्याचं श्रेय मिळालं. ग्लुकोसामाइन-काँड्रॉइटिनला मिळालं नाही, आणि मेडिकलच्या दुकानात सर्वांत जास्त जागा त्यांनीच अडवलेली असते.

घरचं की पाकिटातलं, हा आपल्याकडचा खरा वाद. घरच्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात, की आजारी जीव ओळखीच्या वासाचं, कोमट अन्न खातो, आणि न खाल्लेलं समतोल अन्न शून्य कामाचं. पाकिटाच्या बाजूकडे आकडे आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या अभ्यासकांनी २०१३ मध्ये कुत्र्यांच्या घरगुती आहाराच्या २०० पाककृती तपासल्या. त्यांपैकी ९५ टक्क्यांत किमान एक आवश्यक घटक कमी भरला. पशुवैद्यांनी लिहिलेल्या पाककृतीही त्यात होत्या. मधला मार्ग निघतो तो काळाच्या हिशेबाने. वर्षभर चालवायचं असेल तर कॅल्शियम, जस्त, जीवनसत्त्वं तज्ज्ञाकडून मोजून घ्यावीत. हातात तीन आठवडे असतील तर जस्ताची कमतरता हा चिंतेचा विषय राहत नाही. फोडणीतला कांदा-लसूण आणि प्रसादातले बेदाणे कुठल्याही हिशेबात बाहेरच. कच्च्या मांसाचे पुरस्कर्ते पुष्कळ असले तरी केमोथेरपी घेणाऱ्या कुत्र्याला ते नको, यावर तज्ज्ञांत जवळपास एकमत आहे.

तोंड फिरवतो तेव्हा

जेवण सुटलं की आधी कारण शोधायचं, यावर दुमत नाही : दुखतंय, मळमळतंय, दात हललाय, की गोळीनेच पोट बिघडवलंय? उलटीची भावना थांबवणारं मॅरोपिटंट, भूक वाढवणारं मर्टाझापिन, आणि अमेरिकेत २०१६ साली खास कुत्र्यांसाठी मान्यता मिळालेलं कॅप्रोमोरेलिन ही हत्यारं आहेत. मळमळ न थांबवता भूक वाढवायला जाणं मात्र अनेकांना आक्षेपार्ह वाटतं.

आपल्या मायेतून होणारी एक चूक इथे सांगायला हवी. कडू गोळी पेढ्यात लपवली, दुसऱ्या दिवशी पेढा गेला. चिकनमध्ये लपवली, चिकन गेलं. सिरिंजने पेज तोंडात सोडायला लागल्यावर बंड्या स्वयंपाकघराच्या दाराशी यायचाच थांबला. मळमळीच्या काळात गळ्याखाली उतरवलेल्या अन्नाचा कुत्रं कायमचा तिटकारा धरतं, शिवाय ते श्वासनलिकेत जाण्याची भीती. म्हणूनच नवा मूत्रपिंडाचा आहार दवाखान्यात भरती असताना सुरू करू नये, असं आहारतज्ज्ञ सांगतात.

मानेतून अन्ननलिकेत बसवलेली नळी आपल्याला अघोरी वाटते. पण तिचे समर्थक दाखवून देतात, की कुत्रं तिच्यासकट हिंडतं-फिरतं, औषधं आणि पाणी विनासायास जातात, आणि जेवणाच्या वेळी घरातली कुस्ती थांबते. बरेच दिवस उपाशी असलेल्याला पहिल्या दिवशी गरजेच्या चौथाई-तिहाईपासूनच सुरुवात करायची, नाहीतर रक्तातले क्षार कोसळतात. विरोधक नळीला नाही, तिच्या वेळेला विरोध करतात. बरा होण्याजोगा आजार असेल तर नळी हा पूल आहे. नसेल तर पलीकडे काठ कुठे? मूत्रपिंडाच्या आजारात नळीने कुत्रं महिनोन्महिने बरं राहू शकतं, आणि तो आजार बरा होणारा नाही. तेव्हा ही विभागणीही सरळ नाही.

थांबायचं कधी

अमेरिकी पशु-कर्करोगतज्ज्ञ ॲलिस विलालोबोस यांनी सुचवलेली मोजपट्टी आज सर्वाधिक वापरली जाते. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाइटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकी दहा गुण. ७० पैकी ३५ च्या वर असेल तर सांभाळत राहावं. आक्षेप असा, की भुकेचे दहा गुण वेदनेचा शून्य झाकू शकतात. बंड्याचे झाकले असतेच.

प्राण्यांच्या शुश्रूषागृहाची कल्पना मानणाऱ्यांतही दोन मतं आहेत. वेदना आटोक्यात ठेवून मरण आपल्या पावलांनी येऊ द्यावं, असं एक मत. दुसरं म्हणतं, शेवटचे दोन दिवस दाखवण्याचा हट्ट माणसाचा असतो, कुत्र्याचा नाही. आपल्याकडे हा वाद नवा नाही. १९२८ साली साबरमती आश्रमातल्या असाध्य यातना भोगणाऱ्या वासराला गांधीजींनी इंजेक्शन देऊन मरण दिलं आणि त्यावर ‘नवजीवन’मध्ये लिहिलं, तेव्हा संतापलेल्या पत्रांचा पाऊस पडला. अहिंसा म्हणजे जीव न घेणं की यातना न लांबवणं, हा प्रश्न तेव्हा होता तसाच आहे. प्राणी क्रौर्य प्रतिबंधक कायदा १९६० सालचा. जगवणं क्रूरपणाचं ठरेल अशा जनावराला मरण देण्याची तरतूद त्यात आहे. पण ‘आता क्रूरपणा सुरू झाला’ हे घरात कोणी म्हणायचं, ते कायदा सांगत नाही.

पशुवैद्याने आम्हाला रोजची नोंद ठेवायला सांगितली होती. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाच्या चौकटीतच, चांगल्या दिवसाला टिंब आणि वाईट दिवसाला फुली. जून महिना भरल्यावर पान काढून टेबलावर ठेवलं. आईची टिंबं निळ्या पेनाची होती, एकवीस. माझ्या फुल्या काळ्या, चौदा. महिन्याचे दिवस तीस. पाच चौकटींत टिंबही होतं आणि फुलीही.